मातेकडून अपत्याकडे जाणारे विषाणू : मुलगा आणि मुलगी यांत भेद का?



व्याख्यानमालेच्या पत्रकात माझ्या नावापुढे हा विषय छापून आल्यापासून तीनचार ओळखीच्या मंडळींनी मला रस्त्यात गाठून विचारले, की बोनस, किमान वेतन आणि कंत्राटी कामगार हे सोडून तुम्ही डॉक्टरांच्या प्रांतात कशाला शिरता? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नव्हे. दहावीनंतर माझी शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु या विषयात माझ्या हातून एक चूक झालेली आहे, आणि ती मी भर सभेत अनेकदा केलेली असल्याने भर सभेतच दुरुस्त करणे मला योग्य वाटते.

२००३ सालची गोष्ट. आमच्या संघटनेचा एक सभासद, मालट्रकचा ड्रायव्हर, एड्सने वारला. त्याच्यामागे घरच्यांची रक्ततपासणी झाली. वहिनींना एचआयव्हीची लागण होती. पाच वर्षांच्या मुलीला होती. दोन वर्षांच्या मुलाला मात्र नव्हती. सभासदांनी जमवलेली मदत घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, रोगालासुद्धा कळतंय बघा. वंशाचा दिवा तेवढा सोडला. पोरीची जातच तसली, आईचं सगळं उचलते." आत चुलीपाशी सून हे ऐकत होती, आणि दारात ती पोर उभी होती. मला राग आला. मी म्हणालो, "आजी, रोगाला मुलगा काय नि मुलगी काय, काही कळत नाही. हा निव्वळ योगायोग आहे."

हे वाक्य मला इतके आवडले की पुढे कित्येक वर्षे मी ते गेटमीटिंगमध्ये आणि आरोग्य शिबिरांत म्हणत राहिलो. गेल्या वर्षी तीच मुलगी, आता सत्तावीस वर्षांची, स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन कचेरीत आली. १ एप्रिल २००४ पासून सरकारने महाराष्ट्रासह काही राज्यांत या रोगावरील औषधे मोफत देण्यास सुरुवात केली; त्या औषधांवर मायलेकी दोघी जगल्या, आणि ही आता शिलाईच्या कारखान्यात कामाला जाते. नियोजित वराला सारे ठाऊक आहे. पत्रिका टेबलावर ठेवून ती म्हणाली, "काका, मुलींना आईकडून ही लागण जास्त होते, असं मी कुठंतरी वाचलं. मग आजी म्हणायची तेच खरं का? आणि मला मुलगी झाली तर?"

मी उत्तर दिले नाही. आठ दिवसांची मुदत मागितली, एका जाणत्या डॉक्टरांची मदत घेतली आणि वाचायला बसलो. त्या वाचनातून जे हाती आले ते आपणापुढे ठेवतो.

विषाणूची तीन दारे

प्रथम, आईच्या अंगातील विषाणू मुलाकडे जातो कसा हे पाहू. पुष्कळांची अशी समजूत असते की आईचे रक्त मुलाच्या अंगात वाहते, तेव्हा आईला जे आहे ते मुलाला असणारच. तसे नाही. गर्भाशयात आई आणि मूल यांच्यामध्ये वार असते. आईचे रक्त वारेच्या एका अंगाला आणि मुलाचे दुसऱ्या अंगाला. अन्न आणि प्राणवायू मधल्या पडद्यातून पार होतात, पण दोन्ही रक्ते एरवी एकमेकांत मिसळत नाहीत. हा पडदा पुष्कळसे जंतू अडवतो. म्हणूनच एचआयव्हीची लागण असलेल्या शंभर मातांना काहीही उपचार मिळाले नाहीत, तरीदेखील लागण होते ती १५ ते ४५ बालकांना. म्हणजे उपचाराविना सुद्धा निम्म्याहून अधिक मुले सुटतात. आजींच्या नातवाचे सुटणे हे काही नवल नव्हते.

विषाणूला जाण्यासाठी तीन दारे आहेत. पहिले गर्भातले, वारेतून. दुसरे बाळंतपणाच्या वेळचे, जेव्हा मूल आईच्या रक्ताच्या आणि स्रावांच्या संपर्कात येते. तिसरे अंगावरच्या दुधाचे. प्रत्येक विषाणूचे आवडते दार निराळे. रुबेला गर्भातच गाठतो. हिपॅटायटिस बी, म्हणजे ज्याला लोक 'ब' कावीळ म्हणतात तिचा विषाणू, मुख्यतः जन्माच्या वेळी जातो. जपानच्या नैऋत्य भागात आढळणारा एचटीएलव्ही-१ नावाचा विषाणू बहुतांशी दुधातून जातो. एचआयव्हीला तिन्ही दारे चालतात.

मोजणीत काय दिसले

आफ्रिकेतील मलावी या देशात ब्लँटायर नावाचे शहर आहे. तेथे एचआयव्ही असलेल्या मातांच्या सुमारे दोन हजार नवजात बालकांची तपासणी झाली, आणि तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. जन्मतःच लागण झालेल्या बालकांत मुलींचे प्रमाण मुलांच्या जवळजवळ दुप्पट होते. मातांची प्रकृती, त्यांच्या रक्तातील विषाणूंची संख्या, बालकाचे वजन हे सारे हिशेबात धरून पाहिले, तरी फरक उरलाच. युरोपातील नोंदींतही मुलींकडे कल दिसला. देश निराळे, लोक निराळे, दवाखाने निराळे, आणि कल मात्र एकाच बाजूला. अशा वेळी योगायोग म्हणून चालत नाही.

आणखी एक उदाहरण हिपॅटायटिस सी या यकृताच्या रोगाचे. हा विषाणू असलेल्या शंभर मातांपैकी साधारण पाचसहा जणींच्या मुलांना लागण होते. युरोपातील अनेक देशांच्या डॉक्टरांनी मिळून केलेल्या पाहणीत, जी २००५ मध्येच छापून आली, येथेही मुलींना मुलांपेक्षा सुमारे दुप्पट लागण आढळली.

सर्व विषाणूंना हा नियम लागू आहे असे मात्र कोणी समजू नये. हिपॅटायटिस बी चे उदाहरण घ्या. जन्मतः शिरलेला हा विषाणू पुढे मोठेपणी यकृताचा कर्करोग घडवतो, आणि तो पुरुषांना स्त्रियांपेक्षा जास्त होतो. कोठे मुलगी अधिक धोक्यात, कोठे मुलगा. भेद आहे, पण तो एकाच लिंगाच्या कपाळी लिहिलेला नाही.

तेव्हा माझे वाक्य चुकीचे होते. एका घरातील दोन भावंडांपुरते पाहिले तर योगायोगाचा भाग मोठा असतो, हे आजही खरे आहे. पण "रोगाला मुलगा-मुलगी कळत नाही" हे सर्वसामान्य विधान म्हणून टिकत नाही. आता प्रश्न उरतो तो आजींच्या वाक्याचा. भेद खरा ठरला म्हणून "पोरीची जातच तसली" हेही खरे ठरते काय?

हजेरीबुकाचा प्रश्न

येथे एक गोष्ट आमच्या धंद्यातील उदाहरणाने सांगतो. कारखान्याच्या हजेरीबुकावरून कामगारांची प्रकृती ठरवायला गेलात तर फसाल. कारण जो फार आजारी आहे तो कामावर येतच नाही, आणि जो अपघातात गेला त्याचे नाव केव्हाच काढून टाकलेले असते. हजेरीबुकात दिसतात ते फाटकापर्यंत पोहोचलेले.

नवजात बालकांच्या मोजणीतही हाच धोका आहे. मोजली जातात ती जिवंत जन्मलेली. गर्भावस्थेच्या उत्तरार्धात मुलगा हा मुलीपेक्षा नाजूक असतो, ही वैद्यकातील जुनी आणि पुष्कळ ठिकाणी पडताळलेली गोष्ट आहे. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मणे, पोटात दगावणे यांचे प्रमाण मुलग्यांत जास्त. मग असे झाले नसेल कशावरून, की लागण मुलग्यांनाही तितकीच झाली, पण लागण झालेले काही मुलगे जन्मापर्यंत पोहोचलेच नाहीत, आणि म्हणून जन्मलेल्यांच्या मोजणीत मुली अधिक दिसल्या? ही शंका संशोधकांनीच उपस्थित केली. ती खरी असेल तर 'मुलगी दुबळी म्हणून तिला लागण' याच्या अगदी उलट अर्थ निघतो. मुलगी चिवट, म्हणून ती लागण सोसूनही जन्माला आली.

जागा पहारेकरी

पण शंकेवर काम थांबले नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात, दरबान शहराच्या परिसरात, गर्भातच लागण झालेल्या १७० हून अधिक बालकांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. याही अभ्यासात गर्भातील मुलीला लागण होण्याचा धोका मुलाच्या दीडपट ते दुप्पट आढळला. मग त्यांनी कारण शोधले, आणि त्यासाठी योजलेली युक्ती मला फार आवडली.

त्यांनी लागण नसलेली जुळी बालके निवडली, एक मुलगा आणि एक मुलगी. आई एक, गर्भाशय एक, नऊ महिन्यांचे खाणेपिणे एक. फरक काय तो लिंगाचा. जन्मताच दोघांच्या नाळेतील रक्त घेऊन तपासले. मुलीच्या रक्तातील संरक्षक पेशी मुलाच्या पेशींपेक्षा अधिक जागृत, अधिक सज्ज अशा आढळल्या. आणि प्रयोगशाळेत त्या पेशींना एचआयव्हीचा संसर्ग करून पाहिला तेव्हा मुलीच्या पेशींना तो अधिक सहज झाला.

आता कोणी विचारील, की पहारेकरी अधिक जागा असेल तर चोर कमी शिरावयास हवा. येथे उलटे कसे? उत्तर एचआयव्हीच्या स्वभावात आहे. इतर बहुतेक चोर पहारेकऱ्याची नजर चुकवून घरात शिरतात. हा चोर पहारेकऱ्याच्याच अंगात शिरतो. आपल्या रक्तातील ज्या पांढऱ्या पेशी शरीराच्या संरक्षणाची सूत्रे हलवतात, त्यांतच तो घर करतो, आणि त्यांतही झोपलेल्या पेशींपेक्षा जाग्या झालेल्या पेशी त्याला अधिक सोयीच्या पडतात. म्हणून जेथे पहारा कडक, तेथे या एका चोराला आश्रयस्थाने जास्त.

मुलींचा पहारा कडक का असतो, याचाही थोडा उलगडा झालेला आहे. विषाणूची चाहूल लागताच शरीर इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडते. ती गावातली धोक्याची घंटा समजा. ही घंटा वाजवणाऱ्या यंत्रणेतील एक महत्त्वाचे जनुक एक्स या गुणसूत्रावर असते. स्त्रीला एक्स गुणसूत्रे दोन, पुरुषाला एक. स्त्रीच्या पेशीत दोहोंपैकी एक बहुतांशी मिटलेले राहते खरे, पण हे जनुक काही पेशींत दोन्हींवर चालू राहते. त्यामुळे स्त्रीच्या शरीरातील घंटा अधिक जोराने वाजते.

दरबानच्या अभ्यासात याची खूण विषाणूतही सापडली. मुलींपर्यंत पोहोचलेले विषाणू इंटरफेरॉनला दाद न देणारे, पण संथ वाढणारे होते. मुलांपर्यंत पोहोचलेले विषाणू जोमाने वाढणारे, पण इंटरफेरॉनपुढे नमणारे होते. म्हणजे मुलीच्या पहाऱ्याने सामान्य चोर अडवले होते. आत शिरले ते त्या घंटेला न भिणारे तेवढेच.

याच प्रांतातील २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील कामात आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. जन्मल्याबरोबर औषध सुरू केलेल्या सुमारे २८० बालकांपैकी पाच जणांना नंतर औषधे नियमित मिळाली नाहीत, तरीही त्यांच्या रक्तात विषाणू डोके वर काढीना. पाचही मुलगे होते. मुलग्यांच्या वाट्याला आलेला विषाणू इंटरफेरॉनला नमणारा असतो, त्याच्याशी संशोधकांनी याचा संबंध जोडला आहे. या पाच मुलांवरून कोणी औषध थांबवावे असा त्याचा अर्थ मुळीच नाही. पण हा रोग कायमचा बरा करण्याची वाट शोधणाऱ्यांना या पाच मुलांकडून पुष्कळ शिकता येईल, आणि मुलगा-मुलगी यांतील भेद डोळसपणे मोजला नसता तर ही खूण नजरेतून सुटली असती.

हिपॅटायटिस सी ला मात्र हाच खुलासा जसाच्या तसा लावता येत नाही, कारण तो विषाणू मुख्यतः यकृताच्या पेशींत वाढतो, पहारेकरी पेशींत नव्हे. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागेलच असे नाही.

पहाऱ्याची दुसरी बाजू

मुलीचा कडक पहारा ही एरवी तिच्या फायद्याची गोष्ट आहे. लसीला स्त्रियांचे शरीर सामान्यतः अधिक जोमदार प्रतिसाद देते. अनेक संसर्गांत मुलगे मुलींपेक्षा अधिक दगावतात. याचे मोलही स्त्रियांनाच द्यावे लागते. ल्युपससारख्या रोगात शरीराचा पहारा स्वतःवरच उलटतो, आणि त्या रोगाच्या दहा रुग्णांपैकी नऊ स्त्रिया असतात. निसर्गाने कोणालाच फुकट काही दिलेले नाही. आणि पहिल्या वर्षात निसर्गतः मुलगे अधिक दगावत असताना एखाद्या समाजात जर मुलीच अधिक दगावत असतील, तर त्याचे कारण रक्तात शोधू नये. ते त्या समाजाच्या ताटात, दवाखान्याला लागणाऱ्या उशिरात आणि मुलीसाठी न काढलेल्या रजेत सापडेल.

विषाणूंच्या बाजूनेही या भेदाचा विचार झालेला आहे. एचटीएलव्ही-१ मुळे काही जणांना मोठेपणी रक्ताचा एक कर्करोग होतो. जपानमध्ये तो पुरुषांना स्त्रियांपेक्षा अधिक होतो, पण कॅरिबियन बेटांवर हा फरक तसा दिसत नाही. लंडन विद्यापीठातील फ्रान्सिस्को उबेदा आणि व्हिन्सेंट यान्सेन या दोघांनी २०१६ मध्ये गणित मांडून असे सुचवले, की जेथे माता मुलांना दीर्घकाळ अंगावर पाजतात, तेथे विषाणूला पुढच्या पिढीत जाण्यासाठी स्त्री जिवंत आणि धडधाकट हवी असते. म्हणून कालांतराने तो स्त्रीशी सौम्यपणे वागणारा बनतो. हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. पण आईकडून मुलाकडे जाणाऱ्या वाटेचा विषाणूच्या स्वभावावरही परिणाम होत असावा, ही कल्पना विचार करण्याजोगी आहे.

भेदापेक्षा मोठी गोष्ट

येथवर ऐकून कोणी घाबरून घरी जाऊ नये. दुप्पट हा शब्द मोठा वाटतो. पण कशाच्या दुप्पट हे विचारल्याशिवाय त्याला किंमत नाही. पगारवाढीच्या वाटाघाटीत मालक जेव्हा "भत्ता दुप्पट केला" म्हणतो, तेव्हा आम्ही आधी विचारतो, की मूळ भत्ता किती होता?

एचआयव्हीच्या बाबतीत मूळ आकडा मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतो : आईच्या रक्तात विषाणू किती आहेत. १९९४ साली अमेरिका आणि फ्रान्स येथील चाचणीत झिडोव्हुडिन हे एकच औषध गर्भवती मातांना व नवजात बालकांना दिले, तेव्हा लागणीचे प्रमाण शेकडा २५.५ वरून ८.३ वर आले. पुढे औषधे सुधारली. आपल्या देशात २०१४ पासून लागण असलेल्या प्रत्येक गर्भवती स्त्रीला आयुष्यभराचे पूर्ण उपचार देण्याचे धोरण आले. हे उपचार वेळेवर सुरू होऊन नियमित चालले, तर रक्तातील विषाणू इतके घटतात की चाचणीत दिसेनासे होतात.

आणि मग काय होते ते फ्रान्समधील नोंदींनी दाखवले. २००० ते २०११ या काळात, ज्या माता दिवस राहण्यापूर्वीपासून औषधांवर होत्या, ज्यांनी ती सोडली नाहीत आणि बाळंतपणाच्या वेळी ज्यांच्या रक्तात विषाणू दिसत नव्हते, अशांच्या २,६५१ बालकांपैकी किती जणांना लागण झाली? एकालाही नाही. त्यांत मुलीही होत्या आणि मुलगेही होते. शून्याची दुप्पट शून्यच होते.

ती बालके अंगावर पाजलेली नव्हती, हे सांगणे जरूर आहे. आपल्याकडे, आईचे औषध चालू असेल तर पहिले सहा महिने केवळ अंगावरचेच दूध द्यावे, असा सल्ला देतात; कारण वरच्या दुधातून आणि पाण्यातून होणारे हगवणीसारखे आजार लहान मुलांना घातक ठरतात. औषध नियमित असल्यास दुधातून लागण होण्याचा धोका शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहतो.

हिपॅटायटिस बी साठी जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लस द्यावयाची असते. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. हिपॅटायटिस सी ला लस नाही, पण आता तो गोळ्यांनी बरा होतो, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. स्त्रीने दिवस राहण्यापूर्वीच ते पूर्ण करून घेणे उत्तम.

यांपैकी एकाही उपायासाठी पोटातील जीव मुलगा आहे की मुलगी हे पाहण्याची गरज नाही. उपचार आईचा आहे, आणि तो दोघांना सारखाच आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये आपल्या महाराष्ट्राला करावा लागला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ज्या समाजाला मुलगी नको म्हणायला निमित्त लागते, त्याच्या हाती 'मुलींना लागण जास्त' हे अर्धे वाक्य देणे धोक्याचे आहे. म्हणून ते वाक्य ज्यांनी ऐकले त्यांनी पुरते ऐकावे.

नाव कोणाचे घ्यावे

माझे दुसरे गाऱ्हाणे शब्दाविषयी आहे. आजच्या व्याख्यानाचे नाव 'मातेकडून अपत्याकडे' असे आहे. शास्त्रात तसेच म्हणतात, आणि विषाणूच्या वाटेचे वर्णन म्हणून ते बरोबर आहे. पण घरादारात त्याचा अर्थ 'आईने दिला' असा होतो. आमच्या त्या वहिनी कधी गावाबाहेर गेल्या नव्हत्या. रोग रस्त्याने आला आणि घरात पोहोचला. मालाच्या भरधाव वाहतुकीने, महिनोन् महिने घराबाहेर राहण्याने, ढाब्यावरच्या वस्तीने आणि अज्ञानाने तो आला. मी मेलेल्या मित्राला दोष द्यायला उभा नाही. पण जिवंत बाईला तो दोष सोसावा लागला, हे मी पाहिले आहे.

या दृष्टीने एक गोष्ट आपल्या देशाने चांगली केली. २००२ च्या सुमारास जो सरकारी कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या नावात इतरत्र प्रचलित असलेला 'माता' हा शब्द न ठेवता 'पालक' हा शब्द घातला : पालकाकडून बालकाकडे होणारे संक्रमण रोखणे. एका शब्दाने बाप हिशेबात आला. पुढे २०१७ चा एचआयव्हीविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. लागण आहे म्हणून कोणाला कामावरून काढता येत नाही, कामावर घेताना ही तपासणी सक्तीची करता येत नाही, शाळेत किंवा दवाखान्यात भेदभाव करता येत नाही. युनियनच्या माणसाने हा कायदा किमान वेतनाच्या कायद्याइतकाच पाठ ठेवला पाहिजे. कारण औषध नियमित घ्यायचे म्हणजे महिन्याला केंद्रावर जायचे. केंद्रावर जायचे म्हणजे रजा हवी. आणि रजा मागताना नोकरी जाण्याची भीती असेल, तर गोळी चुकते. गोळी चुकली की विषाणू वाढतो. रोगाची साखळी अशी कारखान्याच्या फाटकातून जाते.

बापाला हिशेबात आणण्याचे एक व्यावहारिक कारणही आहे. एखादी स्त्री दिवस गेल्यावरच्या पहिल्या तपासणीत निरोगी निघाली आणि पुढे गर्भारपणात तिला लागण झाली, तर तो काळ सर्वांत धोक्याचा. कारण नव्या लागणीत विषाणूंची संख्या भरमसाट असते. म्हणून जेथे धोका आहे तेथे पतीची तपासणी व्हावी, आणि पत्नीची शेवटच्या महिन्यांत पुन्हा व्हावी. बालकाच्या बाबतीतही ध्यानात ठेवावे, की आईची प्रतिद्रव्ये त्याच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे नेहमीच्या तपासणीत 'आहे' असे आले म्हणून रडत बसू नये. सहाव्या आठवड्यापासून विषाणूचीच थेट तपासणी करता येते, ती करून घ्यावी.

तिच्या प्रश्नाचे उत्तर

आठ दिवसांनी ती मुलगी पुन्हा कचेरीत आली. मी वहीत लिहून ठेवलेले तिला वाचून दाखवले. प्रथम माफी मागितली, की तुझ्या आजीला मी जे म्हणालो होतो ते पुरते खरे नव्हते. नंतर सांगितले, की आजी म्हणाली तेही खरे नव्हते. उपचार नसताना गर्भातील मुलीला ही लागण मुलापेक्षा अधिक होते, हे खरे. पण ते तिची जात कमी प्रतीची म्हणून नव्हे. तिचा पहारा अधिक जागा असतो, आणि हा एक विषाणू जाग्या पहारेकऱ्यालाच धरतो म्हणून. तुझ्या वेळी तुझ्या आईला औषध मिळाले नव्हते. तुला मिळते आहे. तुझ्या रक्तात विषाणू दिसत नाही असा कागद तुझ्याजवळ आहे. तो तसाच राहिला तर मुलगी झाली काय आणि मुलगा झाला काय, धोका जवळजवळ नाहीच.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काका, हे आईसमोर येऊन सांगाल का? इतकी वर्षं ती समजते, की तिनं मला दिला आणि भावाला दिला नाही."

मी गेलो. आजी आता नाहीत. वहिनींनी सारे ऐकून घेतले, काही बोलल्या नाहीत, आणि उठून चहा ठेवला.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणाच्या घरी, शेजारी किंवा कामाच्या ठिकाणी असा प्रसंग असेल, तर तीन गोष्टी विचारा. आईची तपासणी वेळेवर झाली का? बापाची झाली का? औषध आणायला जाण्यासाठी रजा मिळते का? मुलगा की मुलगी, हा चौथा प्रश्न विचारू नका. त्याचे उत्तर जन्माच्या दिवशी आपोआप कळते. आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तर आमच्या कचेरीचे दार संध्याकाळी सहानंतर उघडे असते.